दूरदर्शनवर लागला होता

साताऱ्यात एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पोरापोरींचा एक गट अधूनमधून माहितीपट दाखवतो. भिंतीवर पांढरी चादर, कुणाच्या तरी ऑफिसातून मागून आणलेला प्रोजेक्टर, आणि पंख्याने चादर हलते म्हणून ऐन उकाड्यातही पंखा बंद. गेल्या खेपेला त्यांनी आनंद पटवर्धनांचा, अयोध्येच्या मंदिर-मशीद वादावरचा ‘राम के नाम’ लावला होता. संपल्यावर दिवे लागले, कागदी कपांतून चहा फिरला, आणि मागच्या रांगेतून आमच्या हायस्कूलचे निवृत्त इतिहासाचे सर म्हणाले, “हा मी टीव्हीवर बघितलाय. दूरदर्शनवर लागला होता.” पोरं हसली. त्यात कुचेष्टा नव्हती, मायाच होती. “सर, यूट्यूबवर बघितला असेल तुम्ही.” “अरे, तेव्हा कुठलं आलंय यूट्यूब?” “मग केबलवर असेल. दूरदर्शन हे कशाला दाखवेल?” सरांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला तरी आठवतंय का गं?” मला आठवणं शक्य नव्हतं. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलला होते आणि आमच्या टीव्हीच्या खोलीला रात्री लवकर कुलूप लागायचं. पण सर खरं तेच सांगत होते. १९९७ साली, कोर्टाच्या आदेशानंतर, दूरदर्शनने हा माहितीपट सगळ्या देशाला दाखवला होता.

पोरांनी फोनवर शोधून लगेच मान्यही केलं. सरांची माफी मागितली, एकाने त्यांना आणखी एक चहा आणून दिला. विषय तिथं संपायला हरकत नव्हती. मला मात्र घरी आल्यावरही ते “कशाला दाखवेल?” सोडेना. विशीतली, शिकलेली, वाचणारी पोरं. सत्तेला न आवडणारी गोष्ट सरकारी पैशावर चालणाऱ्या वाहिनीवर दिसू शकते, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात कधी शिरलेली नाही. आपल्या हक्काचं काही काढून घेतलं गेलं तर माणूस चिडतो तरी. ते आपलं होतं हेच माहीत नसेल तर चिडणार कशावर?

आणि त्यांना नावं तरी कशी ठेवू?

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. त्यांना तारीख आठवत नव्हती, पण बाकी सगळं लख्ख होतं. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, रात्रीची भांडी घासायची ठेवून पाटावर बसून बघितला होता. अँटेना वाऱ्याने फिरलेला, म्हणून मधेच चित्रावर मुंग्या आल्या आणि थोरल्या मुलाला गच्चीवर पिटाळलं. तो वरून ओरडायचा “आलं का?”, खालून हे ओरडायचे “थोडं डावीकडे!” त्या गोंधळात एक मुलाखत हुकली, त्याची हळहळ सरांना अजून आहे. आणि मग दुसरा दिवस. स्टाफरूममध्ये संस्कृतचे सर आणि गणिताचे सर असे काही भांडले की मुख्याध्यापकांना आत यावं लागलं. संस्कृतच्या सरांना तो माहितीपट एकांगी वाटला होता, गणिताच्या सरांना तो देशातल्या प्रत्येक शाळेत दाखवावा असं वाटत होतं. कित्येक दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सर सांगत होते, “पण एक होतं बघ. दोघांनीही आदल्या रात्री तेच बघितलं होतं. कोण काय म्हणालं, कुठल्या गल्लीत म्हणालं, ते दोघांना माहीत होतं. त्यामुळं भांडण तरी नीट झालं.”

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. राजकारणावरचा माहितीपट सार्वजनिक टीव्हीवर का हवा, याचं इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे कुठं वाचलेलं नाही. आज तोच माहितीपट कुणालाही, केव्हाही, फुकट बघता येतो. पण बघतात ते ज्यांना तो आधीच पटलेला असतो ते, आणि शिव्या घालण्यापुरता बघणारे. संस्कृतचे सर आणि गणिताचे सर आज आपापल्या फोनवर वेगवेगळं बघत असते, आणि स्टाफरूममध्ये शांतता असती. ती शांतता मला त्या भांडणापेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

तरीही सरांच्या आठवणीत एक सल आहे. तो त्यांनी बोलून दाखवला नाही, पण तारखा शेजारीशेजारी मांडल्या की दिसतो. १९९० च्या रथयात्रेच्या दिवसांत चित्रित झालेला हा माहितीपट तयार झाला तेव्हा बाबरी मशीद उभी होती. त्याला सर्वोत्कृष्ट शोध-माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे सरकारनेच त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यात पुजारी लालदास आहेत. कोर्टाने नेमलेले, रामलल्लाची रोजची पूजा करणारे. अतिशय संथ, जवळजवळ घरगुती स्वरात ते सांगतात की या सगळ्याचा देवाशी संबंध नाही, हा सत्तेचा आणि पैशाचा खेळ आहे. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नाही. मागे कुठंतरी माणसांची ये-जा चालू असते, आणि हा माणूस न घाबरता, आवाज न चढवता बोलत राहतो. ६ डिसेंबर १९९२ ला मशीद पाडली गेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये लालदास यांची हत्या झाली. दूरदर्शनने माहितीपट दाखवला तो १९९७ मध्ये. सरांच्या घरात त्या रात्री बोलणारा तो माणूस जाऊन तीन वर्षांहून जास्त काळ लोटला होता. जो इशारा वेळेवर घराघरांत पोचायला हवा होता, तो पोचला तेव्हा त्याची श्रद्धांजली झाली होती.

माहितीपट दाखवला की नाही, हा प्रश्न आपण विचारतो. केव्हा दाखवला, हा विचारत नाही. आणि इथं ‘केव्हा’ यातच सगळं आहे.

भोपाळच्या वायुगळतीचं उदाहरण घ्या. तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांच्या ‘बियाँड जेनोसाइड’ला १९८७ चा सर्वोत्कृष्ट माहितीपट म्हणून सुवर्णकमळ मिळालं. पुरस्कारप्राप्त लघुपट दूरदर्शनवर दाखवले जातील, असं माहिती व प्रसारण मंत्र्यांनी पुरस्कार देतानाच जाहीर केलेलं होतं. दूरदर्शनने तरीही नकार दिला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर नकाराची जी कारणं पुढे आली ती वाचताना मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. माहितीपटात संयम नाही. तो समतोल नाही. राजकीय पक्ष या विषयावर बोलत आहेत. भरपाईचे दावे न्यायप्रविष्ट आहेत. वातावरण आधीच तापलेलं आहे. राज्य सरकारवर टीका आहे. आणि या सगळ्यांच्या आधी हे कारण, की विषय आता जुना झाला आहे, त्याला आज औचित्य उरलेलं नाही. आधी अडवून धरायचं, आणि अडवण्यात गेलेली वर्षं मोजून म्हणायचं की आता शिळं झालं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्यांची फुप्फुसं जळली, त्यांच्यासाठी ते जुनं झालं होतं का? १९९२ साली न्यायमूर्ती अहमदी यांच्या निकालाने हे सगळे आक्षेप बाजूला सारले. सरकारवर टीका आहे एवढ्या कारणाने माहितीपट नाकारता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. पण मधल्या काळात, १९८९ मध्ये, युनियन कार्बाइडशी भरपाईची ४७ कोटी डॉलरची तडजोड होऊन गेली होती. ती तडजोड होत असताना देशाने हा माहितीपट पाहिलेला असता तर ती वेगळी झाली असती, असं मी म्हणत नाही. पण पाहण्याचा हक्क तेव्हाचा होता.

त्याच निकालात आणखी एक प्रकरण जोडलेलं आहे, आणि ते मला फार आवडतं. अहमदाबादच्या मनुभाई शहांनी आयुर्विमा महामंडळाच्या कारभारावर टीका करणारा अभ्यास लिहिला. महामंडळाच्या अधिकाऱ्याने दिलेलं उत्तर त्यांच्या ‘योगक्षेम’ मासिकात छापलं गेलं, पण शहांचं प्रत्युत्तर छापायला मात्र नकार मिळाला, कारण म्हणे ते घरगुती मासिक. मुंबईत चर्चगेटकडून नरिमन पॉइंटला जाताना ‘योगक्षेम’ नावाची महामंडळाची इमारत लागते, आपण कितीदा तिच्यावरून जातो. कोर्टाने सांगितलं, लोकांच्या पैशावर चालणारं मासिक आहे, एक बाजू छापलीत तर दुसरीही छापा. भोपाळचा वायू आणि विम्याचं मासिक यांचा निकाल एकत्र लागला, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच होता. लोकांच्या पैशाने चालणारं माध्यम कुणाच्या मालकीचं?

आमच्या लहानपणी याचं उत्तर न सांगता कळायचं. थिएटरात सिनेमाच्या आधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची फीत लागायची. धरण, पूल, मंत्र्यांचा दौरा, कुटुंबनियोजन. बाबा मुद्दाम उशिरा निघायचे. बाहेर पानाच्या टपरीशी माणसं उभी असत आणि दारावरचा माणूस खुणेनं सांगे की अजून चालूच आहे. माहितीपट म्हणजे सक्तीची गोष्ट, हे आमच्या अंगात तिथं मुरलं. खूप पुढे मला कळलं की पेडर रोडच्या त्याच संस्थेत १९६७ साली ‘आय ॲम ट्वेंटी’ तयार झाला होता. एस. एन. एस. शास्त्रींनी स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणांना कॅमेऱ्यापुढे बसवून देशाबद्दल बोलतं केलं, आणि ती पोरं मनात येईल ते बोलली. आशा, वैताग, बेफिकिरी, सगळंच. सरकारी पैशातून, सरकारी कॅमेऱ्याने. म्हणजे जमत होतं. जमू द्यायचं ठरवलं की जमतं.

बातम्यांचंही तसंच. प्रदीप भिडेंचा आवाज आमच्या घरात संध्याकाळचा भाग होता आणि त्या आवाजावर आमचा विश्वास होता. आजही तो आठवला की दिवेलागणीची वेळ डोळ्यांपुढे येते. पण त्या आवाजाला काय वाचायला दिलं जाणार, हे वेगळीच माणसं ठरवत. म्हणून तर १९८८ पासून ‘न्यूजट्रॅक’ हे खासगी बातमीपत्र व्हिडिओ कॅसेटवर यायला लागलं. मामा व्हिडिओ लायब्ररीतून सिनेमाच्या कॅसेटबरोबर ती आणायचा. काळी, जड, आधीच्या गिऱ्हाइकाने रिवाइंड न केलेली. लाठीमार, दंगल, आरडाओरडा, अंगावर काटा आणणारी दृश्यं. बातमी भाड्याने आणावी लागत होती, हे तेव्हा आम्हाला विचित्र वाटलं नाही.

१९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाने हे चित्र पालटेल असं वाटलं होतं. वाद क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा, बंगालच्या क्रिकेट संघटनेचा. पण निकालात लिहिलं गेलं की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, आणि तिचं नियमन लोकहितासाठी स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेने करावं. सावंत पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आपल्या मातीतल्या एका न्यायाधीशाने देशाच्या आकाशाबद्दल एवढं मोठं विधान केलं, याचा मला अभिमान वाटतो. निकालाचा पहिला अर्धा भाग देशाने उचलला. खासगी वाहिन्या आल्या, शेकड्यांनी आल्या. दुसरा अर्धा भाग तसाच राहिला. दूरदर्शन ज्या स्वायत्त संस्थेकडे सोपवलं गेलं त्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. त्याच्या १२ व्या कलमात लिहिलं आहे की लोकहिताच्या सर्व विषयांवर मोकळेपणाने, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपायचा, परस्परविरोधी मतांसह. परस्परविरोधी मतांसह! हे कलम मी मोठ्याने वाचते तेव्हा मला ते सुंदर वाटतं. आणि लगेच वाईट वाटतं.

पटवर्धनांच्याच ‘फादर, सन अँड होली वॉर’ची गोष्ट पाहा. माहितीपट १९९५ चा. सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शनला तो दाखवायला सांगितला २५ ऑगस्ट २००६ रोजी, प्रसार भारती अस्तित्वात येऊन जवळपास नऊ वर्षं झाल्यावर. कलाकृती तुकड्या-तुकड्याने नव्हे, संपूर्ण पाहून जोखायची, आणि तीही सर्वसामान्य, शहाण्या प्रेक्षकाच्या नजरेने, असं कोर्टाने म्हटलं. या प्रेक्षकाचं माप आपल्याकडे फार जुनं आहे. नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते घालून दिलं. शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर, धीराच्या माणसांच्या मापाने, प्रत्येक विरोधी मतात ज्यांना धोक्याचा वास येतो अशा डळमळीत मनाच्या मापाने नव्हे. १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेवर बंदी मागितली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नागपूरचं हेच माप पुढे धरलं. मला त्यात सरांच्या बाई दिसतात. भांडी तशीच ठेवून, पाटावर बसून, शेवटपर्यंत बघणाऱ्या. त्यांना कुणी हा माहितीपट झेपेल का असं विचारलं नव्हतं. त्यांना झेपला.

मी हे लिहीत असताना अमेरिकेत असलेल्या भाचीने मला एक जुना कार्यक्रम पाठवला. ज्येष्ठ पत्रकार बिल मॉयर्स यांचा ‘बाइंग द वॉर’, तिकडच्या सार्वजनिक वाहिनीवर, पीबीएसवर, २५ एप्रिल २००७ ला दाखवलेला. इराकच्या युद्धाआधी अमेरिकेतल्या मोठमोठ्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी सरकारचं म्हणणं न तपासता लोकांपुढे कसं मांडलं, यावर दीड तास. त्यातलं एक दृश्य मी परत परत पाहिलं. टिम रसर्ट, वॉशिंग्टनमधले सर्वात वजनदार मुलाखतकार, सांगतात की सरकारातच ज्यांना शंका होत्या त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन मला यायला हवा होता, असं अजून वाटतं. पुढच्याच क्षणी मॉयर्स सांगतात, सीबीएस वाहिनीचे वार्ताहर बॉब सायमन यांनी फोन वाजायची वाट पाहिली नाही. बस. आवाज चढत नाही, पट्टी सरकत नाही, संगीत घुमत नाही. आणि नाइट रिडर या वृत्तपत्रसमूहाचे वार्ताहर, जे खालच्या पातळीवरच्या अधिकाऱ्यांना विचारत फिरले आणि ज्यांचं खरं निघालं, ते शांतपणे आपलं काम समजावून सांगतात. हा कार्यक्रमही युद्ध सुरू होऊन चार वर्षांनी आला, म्हणजे वेळेवर तोही नव्हता. पण तो दाखवण्यासाठी कुणाला कोर्टात जावं लागलं नाही. आणि बातमीदारीच्या चुका बातमीदारांनाच समोर बसवून, लोकांच्या वाहिनीवर तपासल्या गेल्या. आता तिकडेही ते दार बंद करायला सुरुवात झाली आहे. २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे ११० कोटी डॉलर काढून घेतले. त्याच्या थोडंच आधी, जूनमध्ये, मॉयर्स गेले.

आपल्या बातमीदारीवर असं काही झालंच नाही असं नाही. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांनी ‘खबर लहरिया’च्या बुंदेलखंडातल्या दलित महिला पत्रकारांवर केलेला ‘रायटिंग विथ फायर’ ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर दिसला. नामांकनानंतर ‘खबर लहरिया’च्या महिलांनी स्वतःच निवेदन काढून सांगितलं की आमच्या कामाचं हे चित्र अपुरं आहे, एकाच पक्षाच्या वार्तांकनावर भर देणारं आहे. मला ते फार मोलाचं वाटलं. कॅमेऱ्यापुढची माणसं उलटून बोलतायत, दिग्दर्शकांचं आपलं म्हणणं आहे, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ही चर्चा बांद्याच्या, चित्रकूटच्या, बीडच्या, गडचिरोलीच्या घराघरांत व्हायला हवी होती. ती इंग्रजी पोर्टलांवर झाली आणि संपली.

सरांना मी विचारलं, आज दूरदर्शन तुमच्या हातात दिलं तर काय कराल? ते हसले नाहीत. म्हणाले, “रविवारची रात्र ठरवून द्यायची. आधी आठवडाभर जाहिरात करायची. आज सरकारात बसलेल्यांना न आवडणारा एक, आणि विरोधात बसलेल्यांना न आवडणारा एक, असं आलटून पालटून. उद्या सरकार बदललं तरी रविवार बदलायचा नाही.”

मी त्यांच्या यादीत माझी एक तारीख घातली. २ डिसेंबर. त्या रात्री भोपाळवरचा माहितीपट, संपूर्ण, मधे न तोडता, हिंदीत आणि सह्याद्रीवर मराठी निवेदनासह. नंतर एक तास थेट चर्चा, सरकारच्या माणसाला अर्धा तास, वस्तीतल्या माणसांना अर्धा तास, आणि सूत्रसंचालकाने मधे कुणाचं वाक्य तोडायचं नाही. सर म्हणाले, त्याआधी दुपारी बातम्यांत सांगायला हवं, म्हणजे लोक जेवणं लवकर उरकतील.